ओडेसाची विश्रांती

ओडेसा गिलरी एकोणीस वर्षांत तीनदा प्रभारी संचालक झाली आणि तिन्ही वेळा तिने खुर्ची झाडून-पुसून दुसऱ्याच्या स्वाधीन केली. पहिला बोस्टनहून आला, दुसरी सिॲटलहून, आणि तिसरा कुठून आला होता हे तो सोडून जाईपर्यंत कोणाला धड कळलं नाही. घरमालकांचे वकील कोण, कोणत्या न्यायाधीशाला उशीर खपत नाही, कोणत्या इमारतीत आधी कोणाचं दार वाजवायचं, हे तिघांनाही ओडेसानेच शिकवलं. शिकून झालं की ते मोठ्या ठिकाणी निघून गेले. भाडेकरू संघाची ती कचेरी ईस्ट ओकलंडमध्ये, वेण्या घालून देणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर होती. जिना एकवीस पायऱ्यांचा आणि ओडेसाचे गुडघे सत्तावन्न वर्षांचे.

चौथ्यांदा खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की या वेळी आपण. ही शेवटची खेप आहे हे ती जाणून होती. साठीकडे झुकलेल्या काळ्या बाईला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

योगायोग असा, की त्याच वर्षी तिला वर्तुळात घेतलं होतं. वर्तुळ म्हणजे काळ्या, मेक्सिकन, आशियाई, आदिवासी अशा बाराजणी. त्यांत काही स्वतःला बाई किंवा पुरुष अशा दोन खणांत न बसवणारी माणसंही होती. एका श्रीमंत प्रतिष्ठानाच्या मदतीवर ही सगळी महिन्यातून दोन दिवस टेकडीवरच्या रेडवुडच्या झाडीत एका लाकडी घरात जमत आणि पुढारीपण शिकत. शिकवणारे आमारी टॉलिव्हर. आमारी त्या दोन खणांबाहेरचेच. वर्तुळात सगळे त्यांना 'ते' म्हणत, आपणही तेच म्हणू. डोकं तुळतुळीत, कानांत तांब्याची मोठी कडी आणि आवाज इतका मऊ, की भांडण करायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जाई.

आमारींचा एक नेम होता आणि वर्तुळाची ओळखच त्यावर होती. "आपल्यासारखीने स्वतःसाठी काही मागितलं," ते म्हणत, "की जग म्हणतं ही हावरट, ही उर्मट, ही रागीट. म्हणून इथे स्वतःसाठी कोणी मागायचं नाही. तुझ्यासाठी तुझी जोडीदारीण मागेल. ती बोलेल तेव्हा तू हातात दगड धरून गप्प बसायचं." दगड ओढ्यातला होता, काळा, मुठीएवढा. आणि नेमाची दुसरी बाजू अशी, की मागणी झाली की सात दिवस तिला 'नाही' म्हणायचं नाही. कारण पहिलं 'नाही' आपलं नसतं, दुसऱ्यांनी आपल्या घशात कोंबलेलं असतं.

कल्पना चांगली होती. माणसांचं वाटोळं करायला चांगल्याच कल्पना लागतात, वाईट कल्पनांपासून ती सावध असतात.

ओडेसाच्या वाट्याला जोडीदारीण आली मारिविक दुमलाओ. वय एकोणचाळीस, राहायला डेली सिटीत, मूळची फिलिपिनो. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसाठी डबाभर लुम्पिया, म्हणजे त्यांच्याकडचे सारण भरलेले कुरकुरीत रोल, तळून आणले आणि वाटताना दोनदा रडली. ओडेसाला रडक्या बायकांचा राग होता, पण हिच्यावर रागावता येईना. महिन्यामागून महिने दोघी झाडीतल्या पायवाटेने चालल्या. नेमच होता तसा, चालताना मन मोकळं करायचं.

"ताई, तू कधी रडतेस की नाही गं?" मारिविकने एकदा विचारलं.

"रडते की. गाडीत," ओडेसा म्हणाली. "सकाळी कचेरीखाली. सीट मागे टाकते, पंधरा मिनिटं डोळे मिटते, मग वर जाते. तो जिना बघूनच जीव जातो."

"रोज?"

"रोज. आणि एक सांगू? फेब्रुवारीत तिथेच झोप लागली आणि एक सुनावणी हुकली. लँड्रीबाईंची. डोळा उघडला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या आता फ्रेस्नोला पुतण्याच्या गॅरेजमध्ये झोपतात. हे कोणालाच माहीत नाही."

मारिविकने तिचा हात घट्ट धरला. "माझ्यापाशी आलं ना, आता हे इथून हलणार नाही."

मग तिने तिचं सांगितलं. सॅन होजेच्या भाडेकरू संघात ती सहा वर्षं होती आणि सहाही वर्षं पर्समध्ये ओकारीची पिशवी ठेवून वकिलांपुढे उभी राहिली. घरमालकाचा वकील उभा राहिला, की हिला ती पिशवी उघडावी लागे. "मला पुढारीबिढारी व्हायचंच नाही," ती म्हणाली. "प्रतिष्ठानात एक टेबलाची जागा निघणार आहे. अहवाल लिहायचे आणि चारला घरी. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, न्यायला-आणायला मी एकटी. तेवढी जागा माग माझ्यासाठी."

"बास? एवढंच?"

"एवढंच. आणि मला कधी पुढे ढकलू नकोस हं, ताई. मी मरेन."

"अगं, मी कशाला ढकलू तुला," ओडेसा म्हणाली, आणि तेव्हा ते अगदी मनापासून होतं.

सप्टेंबरात विश्वस्तांनी संचालक निवडायची बैठक ठेवली. विश्वस्तांच्या प्रमुख होत्या विल्हेल्मिना ओक्स, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखालून ओकलंडची दोन पिढ्यांची पोरं गेली होती. सगळे त्यांना ओक्सबाईच म्हणत. वर्तुळाचं त्यांना भारी कौतुक. त्यांनी जाहीर केलं की या वेळची निवड वर्तुळाच्या पद्धतीनेच होईल, उमेदवार गप्प बसेल आणि तिची जोडीदारीण बोलेल. ओडेसाला आनंदच झाला. तीन वेळा स्वतःच्या तोंडाने विचारून बघितलं होतं, तिन्ही वेळा "तू तर आमचा कणा आहेस" असं ऐकून परत आली होती.

बैठकीच्या सकाळी म्हातारे फेरिस बाटिस्ट पिशवीभर अंजिरं घेऊन एकवीस पायऱ्या चढून आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, चाळीस वर्षं एकाच घरात. मालकाला आता ते घर भाच्यासाठी हवं होतं. खरं तर इतक्या वयाच्या, इतक्या जुन्या भाडेकरूला असं काढता येत नाही, पण जुनेपण सिद्ध करायला एकच कागद होता: पहिल्या मालकाने हाताने लिहून दिलेला करार. तो कागद ओडेसाच्या सगळ्यात खालच्या खणात, बिस्किटांच्या डब्याखाली होता. त्याची नक्कलही नव्हती, कारण बाटिस्टांनी ती काढू दिली नव्हती. "मशीनमध्ये घालू नकोस, पोरी, फाटेल," म्हणाले होते. "तुझ्यापाशी आहे ना, मग झालं."

"आज साहेब होणार म्हणे तू?" त्यांनी विचारलं.

"बघू या."

"साहेब झालीस तरी अकरा ऑक्टोबरला माझ्याबरोबर यायचंय. नऊ वाजता. विसरायचं नाही."

"तुमची तारीख विसरेन का मी?"

दुपारी बैठक भरली. ओडेसा दगड घेऊन मधल्या खुर्चीत बसली. निळा सूट, आईच्या मोत्यांच्या कुड्या. मारिविक उभी राहिली आणि बोलायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"तुम्हाला वाटत असेल मी ओडेसाताईसाठी ही खुर्ची मागायला आले," ती म्हणाली. "कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. पण रात्रभर मी विचार केला. मी हिच्या बाजूने चाललेय, हिच्या आतलं ऐकलंय. ही बाई रोज सकाळी खाली गाडीत सीट मागे टाकून पडते, कारण हिला जिना चढवत नाही. दमून दमून हिच्या हातून तारखा निसटायला लागल्यात. मी नाव घेणार नाही, पण एका घराला त्याची किंमत मोजावी लागली. हिचा दोष नाही तो. आपला आहे. आपल्या बायकांना आपण मरेपर्यंत राबवतो आणि मग फुलं घेऊन येतो. किती दिवस चालणार हे? मी माझ्या बहिणीसाठी खुर्ची मागत नाही. मी तिच्यासाठी विश्रांती मागते."

कोणीतरी हळूच आमेन म्हणालं. ओक्सबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. एका विश्वस्ताने तर ओडेसाच्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

दगड टाकून ती उठली असती तर? हा प्रश्न ओडेसाने पुढे स्वतःला शंभरदा विचारला. पण त्या क्षणी तिला स्वतःचा चेहरा दिसत होता: निळ्या सुटातली, ओरडणारी, थकलेली, रागीट काळी बाई. ओरडली असती तर मारिविकचा शब्दन् शब्द खरा ठरला असता, आणि गप्प बसली तरी ठरत होता. ती मूग गिळून बसली. दगड मात्र तळहाताला घामाने चिकटला.

जिन्यात मारिविकने तिला गाठलं. "ताई, रागावलीस?"

"सात दिवस 'नाही' म्हणायचं नसतं."

"मी फक्त तुझ्या प्रेमापोटी..."

"माहीत आहे मला," ओडेसा म्हणाली.

आणि तिला खरंच माहीत होतं. तेच तर दुखणं होतं. लबाडी असती तर भांडता आलं असतं, चारचौघांत वाभाडे काढता आले असते. हिने प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून, केसाने गळा कापला होता, आणि कापून झाल्यावर वर मिठीही मारली.

विश्वस्तांनी तिला तीन महिन्यांची भरपगारी रजा दिली. सोबत एक टोपली आली. तिच्यात लव्हेंडरच्या मेणबत्त्या, पाय बुडवायचं मीठ, एक मऊ घोंगडी आणि ओक्सबाईंच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'रजा म्हणजे रजा. कामाचा एकही फोन घेऊ नये. सहा ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून तुझी ईमेलची टपालपेटी आम्ही बंद करतो आहोत, किल्ल्याही ठेवून जा. नव्या माणसाला शिकवत बसायचं नाही. ते ओझं तू पुष्कळ वाहिलंस.'

ओडेसाने टोपली फेकली नाही. रोज संध्याकाळी ती गरम पाण्यात ते मीठ घालायची, पाय बुडवायची आणि विचार करायची. कारण वर्तुळाच्या समारोपाला तिलाही मारिविकसाठी बोलायचं होतं. दोन आठवडे लव्हेंडरच्या वासात बसून तिने ते भाषण घोटलं.

समारोप शनिवारी सकाळी त्याच लाकडी घरात झाला. प्रतिष्ठानाचे लोक आले होते, सगळे विश्वस्त आले होते, ओक्सबाई जांभळी टोपी घालून पुढच्या रांगेत. मारिविकने दगड दोन्ही हातांत घेतला आणि ओडेसाकडे बघून हसली. तिच्या मनात चार वाजता सुटणारं ते टेबल होतं.

"माझी जोडीदारीण तुमच्याकडे एक छोटीशी जागा मागायला निघाली होती," ओडेसा म्हणाली. "एका कोपऱ्यातलं टेबल. मी ते मागणार नाही. हिच्या आतलं मी ऐकलंय. सहा वर्षं ही घरमालकांच्या वकिलांसमोर उभी राहिली आणि एकदाही पळाली नाही. अशा बाईला कोपरा? आपल्याला लहान व्हायला कोणी शिकवलं, हे आमारींनी आपल्याला वर्षभर सांगितलंय. ओक्सबाई, तुमची खुर्ची रिकामी आहे. मी त्या कचेरीला एकोणीस वर्षं दिलीत, त्या खुर्चीवर कोण शोभेल हे मला कळतं. ही कधी थकत नाही. हिला विश्रांती नको, हिला जबाबदारी द्या. मी माझ्या बहिणीसाठी भाडेकरू संघाचं संचालकपद मागते."

सगळी उभी राहिली. टाळ्या थांबेनात. जिचा हक्क डावलला तिनेच दुसरीचं नाव पुढे केलं, याहून मोठं मन काय असतं? ओक्सबाई उघड उघड रडत होत्या.

मारिविकचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिने ओठ उघडले.

आमारी लगेच तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. "श्वास घे," ते हळुवार म्हणाले. "जे आत्ता तुझ्या घशाशी आलंय ना, ते तुझं नाही. सात दिवस जाऊ देत."

सात दिवस कोण थांबतं! संध्याकाळपर्यंत विश्वस्तांचा ठराव झाला, मंगळवारी मारिविकचा फोटो संघाच्या बातमीपत्रात छापून आला, आणि सातव्या दिवशी 'नाही' म्हणायचं तर दोनशे अभिनंदनांना म्हणावं लागलं असतं. त्या शनिवारी गाड्यांपाशी तिने ओडेसाची बाही धरली होती. नेम मोडून ती बोलली. "तुला माझ्या आईचं माहीत होतं. तुला सगळं माहीत होतं. का केलंस?"

"प्रेमापोटी," ओडेसा म्हणाली, आणि तिला मिठी मारली.

घरी जाताना तिला इतकं हलकं वाटलं की वाटेत थांबून तिने स्वतःसाठी तळलेला मासा घेतला आणि गाडीतच बोटं चाटत खाल्ला.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, सोमवारी, मारिविक खुर्चीत बसली. ओडेसा घरी होती, किल्ल्या देऊन मोकळी. सोमवारी फोन वाजला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी सकाळी आठ वीसला ती कॉफी गाळत होती तेव्हा वाजला. अकरा तारीख. तिने घड्याळ आधीच बघितलं होतं.

"ताई, बाटिस्ट म्हणून कोणी आहेत," मारिविकचा आवाज फाटला होता. "नऊला सुनावणी आहे, मला आत्ता कळतंय. फायलीत करारच नाही. म्हणतात तुझ्यापाशी दिला होता. कुठे ठेवलायस?"

ओडेसाने कॉफीत साखर घातली. "आधी शांत हो."

"शांत काय होऊ? दोनदा ओकलेय मी. कुठे आहे तेवढं सांग, मी फोन ठेवते."

"हात छातीवर ठेव. ठेवलास? आता पायाखालची जमीन जाणवतेय का बघ."

"ताई, त्या म्हाताऱ्याचं घर जाईल गं."

"मला कामाचे फोन घ्यायला बंदी आहे, मारिविक. चिठ्ठी आहे ओक्सबाईंची. तूच मागितलीस ना विश्रांती माझ्यासाठी?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आठ चोवीस झाले होते. खालचा खण, बिस्किटांचा डबा. चार शब्दांचं काम. कचेरीपासून कोर्ट गाडीने बारा मिनिटांवर. आठ चाळीसपर्यंत सांगितलं तरी चालणार होतं. ओडेसा कॉफी पीत बसली. खोटं कशाला सांगा, तिला मजा येत होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याविना अडलं होतं आणि ते तिला घरबसल्या ऐकू येत होतं. आठ पन्नासला ती मजा कमी झाली. तिने फोन उचलला, पालथा ठेवला, पुन्हा उचलला. नऊला ती उगाच उठून स्वयंपाकघराचा ओटा पुसू लागली, स्वच्छ होता तरी. फेब्रुवारीत ती झोपली होती. आज टक्क जागी होती.

बारा वाजता फोन आला तो बाटिस्टांचा. घरचा नंबर तिनेच त्यांना दिला होता, कधीही करा म्हणून.

"पोरी, झालं बघ," म्हातारा म्हणाला. "ती नवी बाई आली होती. चांगली आहे बिचारी, पण नुसती फाईल चाळत राहिली. न्यायाधीशाने कागद मागितला. मी म्हटलं, ओडेसापाशी आहे. तो म्हणाला, ओडेसा कुठे आहे? मला काही सांगता येईना. तीस दिवस दिलेत."

ओडेसा भिंतीला टेकली. असा निकाल फिरवता येतो, हे तिला पाठ होतं. तिने स्वतः दोनदा फिरवून आणला होता. मात्र त्यासाठी कागद ज्याच्याकडे होता त्याने शपथेवर लिहून द्यावं लागतं, की तो माझ्यापाशी होता आणि मी तो अमुक कारणाने आणला नाही. ते कारण काय लिहायचं? सही तर तिचीच लागणार. ओक्सबाई ते वाचतील, आमारी वाचतील, वर्तुळातल्या सगळ्याजणी वाचतील.

"तुला बरं नाही का?" बाटिस्टांनी विचारलं. "आवाज बारीक येतोय."

"बरी आहे. रजेवर आहे मी."

"मग चांगलं झालं. किती वर्षं बघतोय, त्या जिन्यावर धापा टाकतेस. माझ्यापायी धावत येऊ नकोस हं आता. नीट झोप काढ."

"बाटिस्टकाका..."

"माझं काय, बहिणीचा मुलगा आहे सॅक्रामेंटोला, तो ठेवून घेईल बहुतेक. तेवढी शेवटची अंजिरं उतरवून टाकतो आता, झाड काही बरोबर नेता येत नाही. तुला आणून देतो. कचेरीत नको ना? घरीच असशील?"

टेबलावर घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती, वर ओक्सबाईंची चिठ्ठी. शपथेवर लिहायला कोरा कागद काढावा म्हणून ओडेसाने टेबलाचा खण अर्धा उघडला आणि तसाच लोटून दिला.

"घरीच आहे," ती म्हणाली. "तीन महिने."